एकेक करून

नवी सिस्टिम टाकल्याशिवाय ऑफिसचं काम उघडणार नव्हतं आणि लॅपटॉप जागा नाही म्हणून अडून बसलेला. सगळ्यात जास्त जागा आमच्या ठमीने खाल्ली होती. तिचे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि इथले उडवायला लागले. तेवढ्यात तिच्या बाबाचा फोन. वेगळे झाल्यापासून हा माणूस लेकीला फक्त शनिवारी भेटतो. आता तेही टाळतोय की काय, म्हणून मी फणकाऱ्यानेच उचलला. “माझं काही चुकलं का गं?” त्याने विचारलं. “माझ्या फोनवरून ठमी जातेय. एकेक करून. दात पडलेली गेली, आत्ता सायकलवाली गेली.” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आमचं फोटोंचं खातं अजून एकच! इथून उडालं की तिथूनही. झटकन थांबवलं. “अरे, पेन ड्राइव्हवर आहेत सगळे. शनिवारी घेऊन जा.” तो हळूच म्हणाला, “शनिवारपर्यंत काय बघू?”