शनिवारी मारेशाल्लो येणार

कर्नल दुमित्राश यांनी रजेचा अर्ज टेबलावरून परत सरकवला.

"उद्या कुणालाच रजा नाही, सुभेदार. मारेशाल येतोय. इटलीचा."

सुभेदार ओनिसिम बुर्दुजाने अर्ज उचलला नाही. त्यावर एकच कारण होतं, मुलीचं लग्न. शनिवारी दुपारी एक वाजता ओतिलिया घर सोडण्याआधी रिवाजाप्रमाणे आईबापांपुढे गुडघे टेकून क्षमा मागणार होती. गाव छावणीपासून दोन तासांवर होतं.

"साहेब, निरोप बघू का?"

टेलिफोनवरच्या कारकुनाने लिहून घेतलेली ती चिठ्ठी होती. 'शनिवार, सकाळी दहा. इटालियन. मारेशाल्लो. सोबत दोन माणसं.'

"हा मारेशाल नाही साहेब, मारेशाल्लो आहे. आपल्याकडे मारेशाल म्हणजे सैन्यातलं सगळ्यात वरचं पद. त्यांच्याकडे मारेशाल्लो म्हणजे सुभेदार. माझ्यासारखा."

"तुझ्यासारखा."

"इराकमध्ये सात महिने एका मारेशाल्लोच्या शेजारी झोपलोय मी. घोरायचा."

कर्नल हसले नाहीत. त्याला कारण होतं. छावणीत पायदळ, नौदल आणि हवाई दल एकाच फाटकातून ये-जा करत, आणि एकाच्या पट्ट्या दुसऱ्याला वाचता येत नसत. गेल्या ऑक्टोबरात पायदळाच्या पहारेकऱ्याने नौदलाचा एक कमांडर अडवला. बाहीवर सोनेरी पट्ट्या पाहून त्याला तो प्रवासी बोटीवरचा वेटर वाटला. त्याने कमांडरला मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या दाराने यायला सांगितलं. बुखारेस्टच्या मुख्यालयातून पत्र आलं आणि कर्नलसाहेबांची बढती अडकली. त्यानंतर सगळेच इतके धास्तावले, की पुढच्याच आठवड्यात शहराच्या बँडमधल्या तुतारीवाल्याला अख्ख्या तुकडीने सॅल्यूट मारला. आता तिन्ही दलांच्या हुद्द्यांचे तक्ते भिंतीभिंतीवर होते. संडासातसुद्धा.

"आणखी एक चूक झाली की मी घरी," कर्नल म्हणाले. "मारेशालला सुभेदार समजण्यापेक्षा सुभेदाराला मारेशाल समजलेलं बरं."

"बुखारेस्टला विचारू ना."

"शुक्रवारी, दुपारी चारनंतर? विचार की."

ओनिसिमने अकरा वेळा फोन लावला. तिकडे कुणी उचलला नाही.

मग तो माणसं घेऊन रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावायला गेला. झाडांचे बुंधे कमरेपर्यंत पांढरे करायचे होते. गेल्या महिन्यातच केले होते, तरी पुन्हा करायचे होते. झेंड्याचा खांब पुसायचा होता. त्याला एवढंच कळत नव्हतं, की जी गोष्ट आपल्याला नक्की ठाऊक आहे, ती केवळ खांद्यावर कमी पट्ट्या आहेत म्हणून खोटी कशी ठरते.

संध्याकाळी ओतिलियाचा फोन आला.

"बाबा, आई म्हणते, तुमच्या खुर्चीवर पेट्रूमामाला बसवू."

"तो रडेल."

"तुम्हीही रडला असतात."

"मी वेळेवर रडलो असतो. तो सकाळी पहिल्या ग्लासापासून सुरू होईल."

"मग या ना तुम्ही."

ओनिसिमने हातावरचा वाळलेला चुना नखाने खरवडला.

शनिवारी आठपासून चाळीस माणसं मैदानात उभी होती. बँड तयार होता. नऊ वाजताच ऊन तापलं आणि रांगेतला एकजण चक्कर येऊन पडला. ओनिसिम आपल्या पेटीतून इराकमधला एक जुना फोटो घेऊन कर्नलसाहेबांकडे गेला.

"आता काय आहे?"

"हा बघा, साहेब. याच्या खांद्यावरच्या पट्ट्या बघा. आणि मागे त्याच्याच अक्षरात काय लिहिलंय ते वाचा."

फोटोमागे लिहिलं होतं, 'मित्र ओनिसिमला, मारेशाल्लो फाउस्तोकडून.' कर्नलसाहेबांनी ते दोनदा वाचलं.

"आणि साहेब, मारेशाल कधी दोन माणसं घेऊन फिरतो का? आपला नगराध्यक्ष पाव आणायला जातो तेव्हा चारजण असतात मागे."

कर्नल खिडकीपाशी गेले. बाहेर बँडवाले घाम पुसत होते.

"म्हणजे एका सुभेदारासाठी मी आज दोनदा दाढी केली."

"कालच सांगत होतो, साहेब."

"सांगत होतास. सगळ्यांना सोड. बँडलाही. मीही घरी चाललो." त्यांनी अर्ज ओढून सही केली. "तुझा भाऊबंद आहे, तूच बघ त्याच्याकडे. एक ग्लास पाज, छावणी दाखव, अर्ध्या तासात वाटेला लाव आणि जा लग्नाला."

पावणेदहाला मैदान रिकामं होतं. ओनिसिमने लग्नाचा सूट चढवला, कोटाला फूल लावलं आणि वऱ्हाडासाठी ठेवलेली आलुबुखाराच्या दारूची एक बाटली काढली. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागली होती.

दहाच्या ठोक्याला गाडी आत आली. मागच्या दारातून शर्टाच्या बाह्या दुमडलेला, पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस उतरला. ओनिसिमच्या डोक्यावर टोपी नव्हती, म्हणजे सॅल्यूटचा प्रश्नच नव्हता. त्याने त्या माणसाला मिठी मारली, दोन्ही गालांची चुंबनं घेतली आणि हातात ग्लास दिला.

"ये रे बाबा, मारेशाल्लो. तुझ्यापायी माझ्या पोरीचं लग्न चुकत होतं."

पाहुण्याने ग्लास हातात धरला. रिकाम्या मैदानाकडे आणि पांढऱ्याशुभ्र झाडांकडे पाहिलं.

"बाकी लोक कुठे आहेत?" त्याने जपून जुळवलेल्या रुमानियनमध्ये विचारलं.

"दिलं घरी पाठवून. कर्नललासुद्धा. तुझ्यामाझ्यासारख्यांसाठी कशाला एवढा थाट?"

ड्रायव्हर गाडीमागून त्याचा गणवेशाचा कोट घेऊन आला आणि अदबीने मागे धरून उभा राहिला. पाहुण्याने आधी एक बाही चढवली, मग दुसरी. खांद्यावर जनरलचे तारे होते.

"मारेशाल्लो," तो म्हणाला, "हे माझं आडनाव आहे."