चिमूटभर पानं

म्यानमारमधून थायलंडात पळून आलेल्या कार्यकर्त्यांत सकाळपासून जुंपली होती: मायदेशी लष्कराला हटवून लोकशाही आणायला बंदूक उचलायची की नाही? शेवटी म्हाताऱ्या लिनकाकांनी मुरवलेल्या चहापानांचं ताट यमिनपुढे सरकवलं. तंटा मिटवायचा तर दोघांनी त्यातली पानं खायची, ही बापजाद्यांची रीत. “खा पोरी, आणि बंदुकीचं खूळ सोड.” यमिननं चिमूटभर पानं उचलली आणि तिचं डोकंच फिरलं. “माझा नवरा नुसतं पातेलं वाजवत मोर्चात गेला होता, काका! त्याला गोळी घालणाऱ्यांना पाठवा हे ताट. त्यांनी खाल्लं, तर मीही खाते!” काका कडाडले, “आणि तू मारशील, त्या शिपायाच्या बायकोपुढे कुठलं ताट ठेवू?” यमिन आणखीच भडकली. दार आपटून ती रस्त्यावर आली. मूठ उघडली, तर चुरगळलेली पानं हातातच. ती तिला खाववेनात, फेकवेनात.