नजरेवर चालणारं घर

"भिंत उभी करण्याआधी तिथं माणूस उभा करून बघ," असं दामलेसर आर्किटेक्चरच्या वर्गात सांगायचे. शर्वाणीनं पुढं वीस वर्षं माणसाच्या नजरेवर संशोधन केलं. नजर भिरभिरली की माणूस कोंडलाय असं समजून तिची घरं आपल्या भिंती सरकवत. पहिलं घर सरांनीच हौसेनं घेतलं. यंदा त्यांची दृष्टी गेली.

"या आर्किटेक्टीणबाई!" सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर खोक होती. "पाच पावलं मोजून देव्हाऱ्याशी गेलो आणि नमस्कार केला फ्रिजला. पावला तरी बरं!"

शर्वाणीला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. सरांचे न पाहणारे डोळे भिरभिरत होते आणि त्यांच्यामागची भिंत अदबीनं सरकत होती. ती थांबवायचं बटण शर्वाणीनं ठेवलंच नव्हतं. तशी गरज पडेल असं तिच्या प्रबंधात कुठंच नव्हतं.

"एक भिंत तरी जागेवर राहील असं कर गं. देव्हाऱ्यापुरती."

"करते, सर."

"नक्की?"

"नक्की."

दार एव्हाना दुसरीकडे गेलं होतं. ते शोधून ती बाहेर पडली आणि साध्या विटा कुठं मिळतात ते विचारत चालू लागली.