राणीचा साचा

“सिलिकॉनच घालू या,” ती म्हणाली. “लेटेक्सचा जीव तो केवढा! पाहा ना, राणीच्या ओठांना चिरा पडल्यात. हात लावला की चुरा पडतो.”

नवऱ्याने त्यांच्या बाहुल्यांच्या खेळातल्या राणीचा जुना चेहरा बाहुलीवरून सोलून काढला. लेटेक्स वाळताना आक्रसतं, मग पिवळं पडतं, सुरकुततं, शेवटी तुटतं. दर काही वर्षांनी तो त्याच साच्यात नवा चेहरा ओतायचा आणि राणी पुन्हा तरुण व्हायची. सिलिकॉनला मात्र म्हातारपण ठाऊक नाही.

“खरंय तुझं,” तो म्हणाला. “एकदाच ओतू. कायमची.” त्याचा खांदा आखडला होता, म्हणून साचा धुवायचं काम त्याने पहिल्यांदाच तिच्यावर सोपवलं.

राणीचा चेहरा म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोचा. एका रात्री झोपली ती उठलीच नाही. आदल्याच दिवशी तिच्या तोंडावर प्लास्टर थापून साचा घेतला होता, म्हणून चेहरा तरी हाती राहिला, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. “हसू आवरेना हो तिला! नाकातल्या नळ्या दोनदा उडाल्या!” ऐकणारेही हसायचे.

ही दुसरी. लग्नानंतर हिचाही साचा घेतला गेला. त्यातून निघालेल्या चेहऱ्यावर सुरकुत्या चढवून त्याने खेळातली कजाग सासू केली. “मेलेली राणी, जिती सासू, असा आमचा संसार,” असं ती थट्टेने म्हणायची. पण मनातून जळायची. खेळात तो राणीशी ज्या आवाजात बोलायचा, तो आवाज घरात तिच्या वाट्याला कधी आलाच नाही.

मोरीत बसून ती मऊ ब्रशने साचा घासू लागली. साच्यातला खोलगट चेहरा मोठा विचित्र. आपण बाजूला सरकलो की तोही आपल्याकडे वळल्यासारखा वाटतो. तिने नजर चुकवली आणि बोटानेच नाकाचा भाग साफ करायला घेतला. बोट तिथेच थांबलं.

जिवंत माणसाचा साचा घेताना श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या घालतात. त्यांची भोकं साच्यात राहतात, ती मागाहून बुजवावी लागतात. तिने उठून फळीवरचा स्वतःचा साचा काढला आणि शेजारी ठेवून पाहिला. तिच्या साच्यात बुजवलेली दोन वर्तुळं स्पष्ट दिसत होती. राणीच्या साच्यात काहीच नव्हतं. प्लास्टर नाकपुड्यांत थेट आत गेलं होतं. आणि ओठ सरळ होते. राणीचं हसू दर वेळी रंगाने काढलेलं असायचं.

“अहो,” तिने हाक मारली. “नळ्या कधी उडाल्या हो?”

तो दारात आला. दोन्ही साचे शेजारी-शेजारी पाहिले आणि हळूच स्टुलावर टेकला.

“सकाळी उठेना ती,” तो म्हणाला. “अंग गार पडलेलं. म्हटलं, आता लोक येतील, घेऊन जातील. आधी साचा घेतला. मग शेजारी हाक मारली.” मग त्याचा चेहरा उजळला. “जराही हलली नाही बघ. इतका सुरेख साचा मला पुन्हा कधी जमला नाही.”

तिला त्याची भीती वाटली, आणि त्याहून जास्त कीव आली. त्याच्या भुवया पिकल्या होत्या. तिच्याही केसांत पांढरं दिसू लागलं होतं. घरात वय वाढत नव्हतं ते एकट्या राणीचंच.

तिने सिलिकॉनचा डबा उचलून फळीवर परत ठेवला आणि लेटेक्सच्या बाटलीचं बूच काढलं. उग्र दर्प खोलीभर पसरला.

“अगं, सुरकुतेल ते!”

“सुरकुतू द्या. आणि हा चेहरा निघाला की साचा मी फोडणार आहे,” ती म्हणाली. “आता तरी म्हातारी होऊ द्या तिला.”