दाणींचं बंद पाकीट

"पाकीट टेबलावर ठेवा मॅडम. मी फोडतो, तुम्ही बघा. संपला विषय," रणजीत म्हणाला.

तेजस्विनीनं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

"विषय आत्ता सुरू झालाय," ती म्हणाली.

चिंचवडच्या त्या वाचनालयात वरच्या मजल्यावर जुनी कागदपत्रं जपून ठेवायचे. तेजस्विनी तिथली एकुलती एक कर्मचारी. गेल्या वर्षी वारलेले बातमीदार सुरेंद्र दाणी यांची पत्रं आणि कात्रणं तिनं सहा महिने खपून लावली होती. बहिणीला लिहिलेली पत्रं, संपादकाशी झालेली भांडणं, कारखानदारांच्या धमक्या, सगळं. कात्रणांत सगळ्यात जाड गठ्ठा होता तो रणजीतच्या चाकणच्या कारखान्याचा. हे लोक ॲसिडचं पाणी गुपचूप बोअरमध्ये सोडतात, हे दाणींनी आठ वर्षांपूर्वी कंपनीच्याच कागदांचे फोटो टाकून छापलं होतं. गावातल्या विहिरी नासल्या होत्या. पुढं दीड वर्ष कारखान्याला टाळं लागलं.

ते कागद दाणींना दिले कोणी? देणाऱ्याची पत्रं लाखेनं बंद केलेल्या त्या एका पाकिटात होती. वर दाणींच्या हातचं होतं, 'पत्रं लिहिणाऱ्यानं समक्ष येऊन सांगितल्याशिवाय उघडू नये.'

एक बंद पाकीट सोडून दाणींची सगळी कागदपत्रं लोकांना बघायला मिळणार, ही बातमी पेपरात आली आणि चौथ्या दिवशी रणजीत हजर. एकटा नव्हता. आईला, आक्काबाईंना, वाकडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं. त्या गाडीत थांबायला तयार होईनात, म्हणून त्यांनाही वर आणलं होतं. काळा चष्मा लावून म्हातारी खिडकीखालच्या बाकावर बसली होती. तेजस्विनीनं चहा विचारला, तर "नगं बाई" एवढंच.

रणजीतनं खुर्ची ओढली. "हे बघा, आम्ही गावचे जुने लोक. जमीन आमची, कारखाना आमचा. आमचंच खाऊन आमच्यावर कोण उलटलं, एवढंच मला पाहिजे. पेपरात छापून आलेले ते कागद सहीसाठी घरी यायचे. संचालक तिघंच. मी, धाकटा भाऊ आणि आई. भाऊ माझ्या शब्दाबाहेर नाही. आईला मी पेन्सिलीनं फुली मारून देतो, तिथं ती सही करते. मग राहिला कोण? फाइल आणणारा-नेणारा. आमच्या स्टोअरमधला धम्मरत्न."

तेजस्विनीचा अंदाजही तोच होता. परवाच्या गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, धम्मरत्नकाका भोसरीहून बसनं आले होते. एक कागद बघितला नाही की चहाला थांबले नाहीत. "ताई, ते पाकीट कुणी उघडणार न्हाई ना?" एवढंच विचारलं. ती नाही म्हणाली, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला होता.

"पुरावा आहे?" तिनं विचारलं.

"तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे."

"मग तो तिथंच बरा आहे."

रणजीत हसला, आवाज मऊ केला. "इथली लिफ्ट आमची देणगी आहे. पुढं छताचंही बघू. कशाला ताणताय राव?"

"लिफ्ट घेऊन जा. मला जिना चढता येतो."

मग मात्र त्याचं हसू गेलं. त्यानं फोन लावला. "धम्मरत्नचं सस्पेन्शन लेटर टाइप करा. वकिलांना सांगा, कागद चोरल्याची तक्रार आजच जाऊ दे. हो, रिटायरमेंटला आठच महिने राहिलेत, माहितीये मला." त्यानं फोन हातातच धरला. "पाकिटात दुसरं नाव निघालं तर लेटर फाडून टाकतो. बोला. आता तुमच्यावर आहे."

तेजस्विनीचा हात ओढणीच्या गाठीवर गेला. दुसरं नाव निघालं तर काका वाचतील, पण तो दुसरा मरेल. काकांचंच निघालं तर तिनंच त्यांना खड्ड्यात ढकललेलं असेल. दाणींना ती कधी भेटली नव्हती. पण सहा महिने ते अक्षर वाचून तो माणूस तिला घरचाच वाटायला लागला होता. 'नाव हवं असेल तर आधी माझा राजीनामा घ्या,' असं त्यांनी संपादकाला लिहिलं होतं. आणि हा कोण टिकोजीराव दमदाटी करून नाव काढून नेणार? तिचं डोकं सणकलं.

"नाही उघडणार!" ती उभीच राहिली. "पोलीस आणा, कोर्टाचा हुकूम आणा, काय आणायचं ते आणा. काकांना हात लावलात तर त्यांच्या बाजूनं मी उभी राहीन, आणि इथं काय काय बोललात ते अक्षर न् अक्षर सांगेन. माझी नोकरी गेली तर खुशाल जाऊ दे! पत्रं लिहिणाऱ्यानं समोर येऊन सांगितलं, तरच हे पाकीट उघडेल. बाकी कुणाचाही हुकूम इथं चालायचा नाही!"

रणजीत लालबुंद झाला. फोन पुन्हा कानाला लावला. "लेटर द्या त्याच्या हातात. आत्ताच्या आत्ता."

"थांब."

आक्काबाई भिंतीला धरून उठत होत्या. आधाराला धावलेल्या रणजीतचा हात त्यांनी झिडकारला आणि एकेक पाऊल टाकत टेबलापर्यंत आल्या. लेकाची तरफदारी करायला आली म्हातारी, असं समजून तेजस्विनीनं मन घट्ट केलं.

"फोन ठिव आधी," त्या लेकाला म्हणाल्या. रणजीतनं फोन बंद केला. मग त्या तेजस्विनीकडं वळल्या. "पोरी, फोड ते पाकीट."

"आजी, रागावू नका. तुमच्या सांगण्यावरून नाही उघडता येणार."

"का न्हाई?" आक्काबाईंनी काळा चष्मा काढला. "लिवणाऱ्यानं समोर यून सांगितलं तर उघडायचं, आसंच म्हनलीस न्हवं? मग सांगतीय की. फोड."