आमेन होईपर्यंत

आई प्रार्थनेला बसली की आख्ख्या घराला नेमकी तिचीच आठवण यायची. पण आज आमेन होईपर्यंत उठायचंच नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. कुकरने शिट्ट्यांचा सपाटा लावला, "अगं, माझे मोजे कुठेत?" म्हणून बाबांनी घर डोक्यावर घेतलं, तरी ती क्रुसासमोरून तसूभर हलली नाही.

इतक्यात लेक दारात आली. पाठीवर दप्तर तसंच होतं, डोळे रडून सुजले होते.

"आई, तुला एक सांगायचंय गं."

"श्श! प्रभूशी बोलतेय ना मी? नंतर!"

"बरं. राहू दे."

पलीकडे लेकीच्या खोलीची कडी लागली. अखेर शांतता! आईने समाधानाने डोळे मिटले.



"प्रभू येशू, माझ्या पोरीने माझ्याजवळ मन मोकळं करावं, एवढंच मागणं आहे रे."