डोक्यावरचा मजला

चुलतभाऊ श्रीरंगच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण पडलं, त्या दिवशी मी घरी पेढे आणले. बायकोला कारण सांगितलं नाही. महापालिकेने शहराच्या नव्या विकास आराखड्यावर सूचना मागवल्या तेव्हा 'इथे बाग हवी' असा अर्ज मीच दिला होता.

वाटणीच्या चिठ्ठ्यांत त्याला समोरचा प्लॉट निघाला आणि मला गच्चीखालचा फ्लॅट. वीस वर्षं तो प्लॉट माझ्या डोळ्यांत खुपत होता.

श्रीरंग कोर्टात गेला नाही. जागा महापालिकेला देऊन त्याने टीडीआर घेतला, म्हणजे तेवढंच बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क, आणि तो एका बिल्डरला देऊन टाकला. वर्षभरात एक बिल्डर आमच्या इमारतीवर मजला चढवायला आला. लिफ्ट फुकट मिळणार म्हणून सभेत पहिला हात मीच वर केला.

काल वरच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. श्रीरंग पेढे घेऊन खाली आला.

"दादा, टीडीआरच्या बदल्यात बिल्डरने हा फ्लॅट दिला. बाल्कनीतून अख्खी बाग दिसते. तो अर्ज ज्याने केला, त्याचं भलं होवो."

मी पेढा तोंडात कोंबला. वर, माझ्याच डोक्यावर, कुणीतरी कपाट सरकवत होतं.